एमयूएनमध्ये ठरावाचा मसुदा कोण मांडू शकतो आणि तो परत का येतो

एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची नक्कल; इथे प्रत्येक जण एखाद्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. रोल कॉलला, म्हणजे हजेरीला, नुसतं ‘प्रेझेंट’ म्हटलं असेल, तर ठरावावर तटस्थ राहता येतं. ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हटलं की बाजूने किंवा विरोधात देशाच्या नावाचं प्लॅकार्ड उचलावंच लागतं. मोशनवरच्या, म्हणजे कामकाज कसं चालवायचं याच्या प्रस्तावावरच्या, मतदानात मात्र तटस्थ राहण्याची सोय कुणालाच नाही. तिथे निरीक्षकांनाही (सदस्य नसलेल्या देश-संस्थांच्या प्रतिनिधींनाही) मत असतं. ठरावावर नसतं, आणि त्यांना मसुद्याचं स्पॉन्सरही, म्हणजे मसुदा मांडणारा, होता येत नाही.

वर्किंग पेपरला, म्हणजे मसुद्याआधीच्या कच्च्या टिपणाला, ठरलेला साचा नाही, चार मुद्दे लिहिले तरी चालतात. मसुद्याला साचाही लागतो आणि सह्याही. किती सह्या, हे त्या परिषदेच्या नियमपुस्तिकेत पाहा. हजर सदस्यांच्या एक पंचमांश अशी अट असेल आणि सभागृहात 42 जण असतील, तर हिशेब 8.4 येतो, म्हणजे 9 सह्या. सिग्नेटरी (सही करणारा) होणं म्हणजे पाठिंबा नव्हे, फक्त ‘यावर चर्चा व्हावी’ एवढीच संमती. हे नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि ते मित्रदेशांभोवतीच घुटमळत राहतात. विरोधकांकडेही सही मागावी.

मसुदा परत येतो तो बहुतेक वेळा क्रियापदांमुळे. महासभेच्या समितीत ‘शांतिसेना पाठवण्याचा निर्णय घेते’ असं कलम लिहिलं, की चेअर (सभाध्यक्ष) त्यावर रेघ मारणारच. तो अधिकार सुरक्षा परिषदेचा. महासभेने ‘शिफारस करते’, ‘आवाहन करते’ इथेच थांबायचं. दुसरी चूक विरामचिन्हांची. अख्खा ठराव हे एकच वाक्य असतं: प्रास्ताविक कलमांनंतर स्वल्पविराम, क्रमांक दिलेल्या कृती-कलमांनंतर अर्धविराम, पूर्णविराम फक्त अगदी शेवटी.

दुरुस्तीला सगळ्या स्पॉन्सरची संमती असेल, तर ती मतदानाविना मसुद्यात जाते. एकानेही नकार दिला की ती अनफ्रेंडली ठरते आणि तिच्यावर वेगळं मतदान होतं.

चर्चा बंद करायला साधारणपणे दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे 42 मध्ये 28. ठरावाला सहसा साधं बहुमत पुरतं आणि तटस्थ मतं त्यात मोजत नाहीत. 17 बाजूने, 15 विरोधात, 10 तटस्थ, तरी ठराव मंजूर. सुरक्षा परिषदेचं गणित वेगळं: 15 पैकी 9 मतं हवीत, आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचंही विरोधी मत पडता कामा नये.

एकाच विषयावर दोन मसुदे असतील, तर आधी दाखल झालेल्यावर आधी मतदान होतं. काही परिषदांत पहिला मंजूर झाला की दुसरा आपोआप बाद होतो. त्यामुळे नऊ सह्या झाल्यावर दहाव्या सहीसाठी थांबू नका.