पियूषिकेजवळची पाण्याची गाठ

आमच्या इमारतीतल्या काकू गेल्या महिन्यात गंगापूर रोडवर स्कूटरवरून पडल्या. डोक्याला फक्त मुका मार होता, पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘राथकेज क्लेफ्ट सिस्ट, ७ मिमी’ निघालं आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा ब्रेन ट्यूमर झाला. म्हणून हे लिहितो आहे.

ही गाठ कॅन्सरची नाही. मेंदूचीसुद्धा नाही. तिचं मूळ तोंडात आहे!

गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो. टाळा अजून तयार झालेला नसतो. तेव्हा तोंडाच्या छताचा एक खिसा वर सरकू लागतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच वेळी मेंदूच्या तळातून एक कोंब खाली उतरतो. दोघं एकमेकांना चिकटतात आणि खिशाचा तोंडाशी असलेला देठ विरून जातो. खिशाची पुढची भिंत भराभर जाड होऊन पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा पुढचा भाग बनते, मेंदूचा कोंब मागचा भाग बनतो. म्हणजे वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमची, हार्मोन बनवणारी ही ग्रंथी दोन वेगळ्या घराण्यांची आहे. मला यापुढे भलीभली आश्चर्यं फिकी वाटतात.

खिशाची मागची भिंत मात्र पातळच राहते. जुन्या नाशकात पाठीला पाठ लावलेल्या दोन वाड्यांमध्ये हातभर बोळ उरतो, तशी दोन भिंतींमध्ये फट उरते. बहुतेकांची ती बुजते. काहींची बुजत नाही, आणि तिच्या अस्तरातल्या पेशी शेंबडासारखा चिकट द्राव सोडत राहतात. तीच ही सिस्ट. शवविच्छेदनांत ती दहातल्या एकाच्या तरी ग्रंथीत सापडते; बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसतो.

ती वाढली तरच त्रास. ग्रंथीच्या वर दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यांच्या नसा, एकमेकींना ओलांडतात. तिथे दाब आला की दोन्ही कडांची नजर जाते. द्वारका चौकात बाजूने घुसणारी रिक्षा दिसत नाही. ग्रंथीच्या देठावर दाब आला तर वरून, मेंदूतून येणारं डोपामिन हे रसायन अडतं. डोपामिन हा प्रोलॅक्टिनचा, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या हार्मोनचा, लगाम. तो सुटला की प्रोलॅक्टिन थोडं वाढतं, पाळी चुकते, आणि प्रोलॅक्टिन बनवणारा ट्यूमर असल्याचा गैरसमज होऊ शकतो. गोळीने प्रोलॅक्टिन उतरेल, सिस्ट तशीच राहील. म्हणून एमआरआय रंगद्रव्य देऊन करतात: ग्रंथी रंग शोषते, सिस्टमधला द्राव शोषत नाही. सोबत रक्तातलं सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) आणि टीएसएचबरोबर (थायरॉइडला पियूषिकेकडून जाणारा हुकूम) फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) हवंच. बिघाड पियूषिकेतच असेल, तर एकटं टीएसएच नॉर्मल दिसून फसवतं.

काकूंना कुणी त्र्यंबकेश्वरी शांत करायला सांगितलं, कुणी ‘गाठ विरघळवणारा’ काढा धाडला. पूजा श्रद्धेने जरूर करा. पण ही सिस्ट विरघळवणारं औषध कुठल्याही पॅथीत नाही, आणि अशा काढ्यात लपवलेलं स्टिरॉइड असेल तर कॉर्टिसॉलची तपासणीच खोटी ठरते.

नजर किंवा हार्मोन बिघडले, तर नाकातून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात, म्हणजे खिसा गेला तसंच खालून वर. द्राव काढून भिंतीचा तुकडा तपासायला पाठवतात. अख्खी भिंत खरवडायचा हट्ट बरेच सर्जन धरत नाहीत, कारण ग्रंथीचा मागचा भाग दुखावला तर सारखी भरपूर लघवी होते आणि तहान भागत नाही. काहींची सिस्ट पुन्हा भरते, म्हणून नंतरही एमआरआय करावे लागतात.

काकूंची नजर आणि हार्मोन ठीक आहेत. पुढचा एमआरआय वर्षाने.