लहान मुलांच्या अपेंडिक्सची सोनोग्राफी

मुलाच्या आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, अचानक सूज आल्याची शंका असताना करायची ध्वनिलहरींची तपासणी. हिच्यात क्ष-किरण लागत नाहीत, भूल द्यावी लागत नाही आणि काही तासांनी ती पुन्हा करता येते. त्यामुळे मुलांसाठी सीटी स्कॅनच्या आधी हिचाच विचार होतो. मुलांच्या पोटावर चरबी कमी असल्याने चित्रही मोठ्या माणसांपेक्षा स्पष्ट येते.

हल्लीची पद्धत नेदरलँड्सचे रेडिओलॉजिस्ट पुयलार्ट यांनी १९८६ साली मांडली. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, पोटावर हळूहळू दाबत नेला की मधला वायू आणि आतड्याची वेटोळी बाजूला सरतात. निरोगी अपेंडिक्स दाबाखाली चपटे होते, सुजलेले होत नाही. एका टोकाला बंद, हालचाल नसलेली, ६ मिलिमीटरहून जाड नळी दिसली, भोवतालची चरबी पांढुरकी असली किंवा नळीत खडा असला, तर निदान पक्के होत जाते. जाणते रेडिओलॉजिस्ट मुलाला आधी विचारतात, ‘एका बोटाने दाखव, सगळ्यात जास्त कुठे दुखतंय?’ आणि प्रोब तिथेच ठेवून सुरुवात करतात. रडून पोट कडक केलेल्या मुलाला घाईने तपासण्यात अर्थ नसतो. आईच्या मांडीवर ते शांत होईपर्यंत थांबणे हाही तपासणीचाच भाग आहे.

पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयापासून पेठांमधल्या खाजगी केंद्रांपर्यंत सोनोग्राफीची सोय आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात यंत्र नसेल, तर मुलाला नोंदणीकृत केंद्रावर न्यावे लागते. तोवर ‘जंत झाले असतील’ म्हणून घरी एरंडेल पाजणे धोक्याचे: जुलाबाच्या औषधाने सुजलेले अपेंडिक्स फुटण्याची शक्यता वाढते.

रिपोर्टमधले एक वाक्य पालकांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ याचा अर्थ ‘अपेंडिक्सला सूज नाही’ असा होत नाही. ते मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असू शकते, किंवा वायूमुळे झाकले गेलेले. अशा वेळी बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेले दुखणे, उलट्या, ताप, रक्तातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि सर्जनच्या हाताला जाणवणारा पोटाचा कडकपणा यांनाच जास्त वजन द्यावे लागते. मुलाला देखरेखीखाली ठेवून तपासणी पुन्हा करतात. तरीही उलगडा झाला नाही तर सीटी किंवा एमआरआय.

याच तपासणीत कधी दुसरेच कारण सापडते: आतड्याच्या पडद्यातल्या सुजलेल्या गाठी, आतड्यात आतडे शिरणे, मुलींमध्ये बीजकोशाला पडलेला पीळ. यांतल्या गाठी बहुधा शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. पीळ मात्र तातडीने सोडवावा लागतो.

पाच वर्षांखालील मुलांना दुखणे नीट सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यात अपेंडिक्स फुटल्यानंतर निदान होण्याचे प्रमाण जास्त असते. फुटल्यावर दुखणे थोडा वेळ कमीही होते. नळीतला दाब गेल्याने ती ६ मिलिमीटरपेक्षा बारीक दिसू शकते; तेव्हा नळीपेक्षा भोवती साठलेला पू आणि पोटातले पाणी शोधावे लागते.