स्कॉटलंडची साडी

स्कॉटलंडचे लोक जो आखूड, चुणीदार घागरा घालतात त्याला ‘साडी’ म्हणतात.

हसू आलं ना? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिसा फाझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच धादांत चुकीची वाक्यं विद्यार्थ्यांपुढे ठेवली होती. त्या कपड्याला किल्ट म्हणतात, हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांचीही गंमत झाली. वाक्य आधी एकदा नजरेखालून गेलं असेल, तर दुसऱ्या वेळी ते त्यांना थोडं जास्त खरं वाटलं. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूळ परिणाम मात्र १९७७ पासून माहीत आहे. त्या वेळी दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका घेतल्या होत्या. दर वेळी साठ विधानं, त्यांतली वीस तीच ती. त्या विसांवरचा विश्वास बैठकीगणिक वाढत गेला.

कारण साधं आहे. ओळखीचं वाक्य वाचायला मेंदूला कष्ट कमी पडतात आणि तो सोपेपणालाच खरेपणाची खूण समजतो. यात मेंदूचा मूर्खपणा नाही. रोजच्या व्यवहारात वारंवार कानावर पडणाऱ्या गोष्टी बहुधा खऱ्याच असतात. प्रचार करणारा नेमका याच सवयीवर डल्ला मारतो.

कादंबरीतला प्रचार याहून कितीतरी भयानक असतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये भिंतीवरचा पडदा माणसावर पाळत ठेवतो, जुनी वर्तमानपत्रं बदलून छापली जातात आणि शेवटी छळाची खोली क्रमांक १०१ येते. पण हा लेखक स्वतः १९४१ ते १९४३ बीबीसीत हिंदुस्थानसाठी युद्धकाळातला प्रचार करत होता! त्याने इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं भाषांतर होऊन मराठीतही प्रसारित होत, आणि ती वाचणाऱ्यांत त्याच्या सहकारी वेणू चितळे होत्या. प्रचार म्हणजे खोटेपणाच, खरं सांगत असतानासुद्धा, असं त्याने १९४२च्या मार्चमध्ये डायरीत लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी राजीनामा देताना त्याचं म्हणणं होतं की या कामातून काही निष्पन्न होत नाही, आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय. ‘चले जाव’च्या काळात हिंदुस्थानातल्या श्रोत्याने लंडनचं का ऐकावं?

म्हणजे नुसता घोष पुरत नाही. ऐकणाऱ्याच्या मनाची जमीनही लागते. याचा पडताळा जर्मनीत मिळतो. नाझींनी ऑगस्ट १९३३मध्ये ७६ मार्कांचा स्वस्त ‘जनता रेडिओ’ बाजारात आणला आणि घराघरांत आवाज पोचवला. अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने कुठे रेडिओ नीट ऐकू येत होता आणि कुठे नाही, याची जुन्या मतदानाशी सांगड घातली. १९३३च्या आधी रेडिओचा सूर नाझींच्या विरोधात होता, तेव्हा तो जिथे पोचत होता तिथे त्यांच्या मतांची वाढ मंदावली. सत्ता हाती आल्यावर काही आठवड्यांत तोच रेडिओ त्यांच्या कामी आला. ज्यूद्वेषाच्या प्रचाराचा निष्कर्ष मला सगळ्यांत बोलका वाटतो. जिथे हा द्वेष पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता तिथे प्रचार चांगलाच लागू पडला. जिथे तो फारसा नव्हता तिथे परिणाम चक्क उलटा झाला. निखारे नसतील तिथे फुंकर मारून काय पेटणार?

आता पुन्हा साडीकडे येऊ. २०२०च्या एका अभ्यासात लोकांना पहिल्यांदा वाचतानाच ‘हे कितपत खरं आहे?’ असं विचारलं. पुढे तीच वाक्यं पुन्हा दाखवली, तेव्हा खोट्याला मिळणारी बढती थांबली. पण ती थांबली फक्त ज्यांना उत्तर आधीच माहीत होतं त्यांच्या बाबतीत. किल्ट हा शब्दच कधी ऐकला नसेल, तर तपासायचं कशाशी?