कालवा की कारेझ? प्राचीन इराणच्या पाण्याचा माग काढताना

प्राचीन इराणच्या पाणीव्यवस्थेवरचं काहीही वाचायला घ्या, कालवे आणि कारेझ यांची सरमिसळ हमखास सापडते. दोन्ही माणसानेच खोदलेले, दोन्ही पाणी दूरवर नेणारे, आणि दोन्हींचं श्रेय सरसकट सम्राट दारयवहूला (डरायसला) किंवा त्याच्या अकेमेनिद घराण्याला देऊन मोकळं व्हायची सवय. फरक विचारला तर उत्तर मिळतं: उघड्यावर वाहतो तो कालवा, जमिनीखालून वाहतो तो कारेझ.

ही खूण फसवी आहे. खुझेस्तानातल्या शूश्तरला कारून नदीचं पाणी खडकात कोरलेल्या बोगद्यांतून पाणचक्क्यांवर पडतं, तरी तो कारेझ नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: पाणी मुळात येतं कुठून? कालवा वाहत्या नदीचं पाणी बांध घालून वळवतो. कारेझ (इराणच्या पश्चिम भागात याला कनात म्हणतात) जमिनीच्या पोटातलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर बाहेर काढतो. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही.

कारेझ करायचा तर डोंगराच्या पायथ्याला आधी एक खोल विहीर खणून पाण्याचा थर गाठतात. ही मातृविहीर. भुयार मात्र दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे गावाशेजारी पाणी जिथे बाहेर यायचं तिथून, डोंगराच्या दिशेने खोदत नेतात. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरं घेतात. त्यांतून माती वर येते, आत हवा खेळते, पुढे दुरुस्तीलाही उतरता येतं. सगळं कौशल्य उतारात असतं. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खात सुटतं, कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून हजार मीटरला मीटरभर किंवा त्याहूनही कमी उतार राखावा लागतो, आणि तो अंधारात, दिव्याच्या उजेडात. हे काम करणाऱ्या मुकन्नींची घराणी असत. माती ढासळणारी असेल तिथे ते भाजक्या मातीची लंबगोल कडी बसवत पुढे जात. खोरासानातल्या गोनाबादचा कसबे कारेझ ३३ किलोमीटरहून लांब आहे आणि त्याची मातृविहीर सुमारे ३०० मीटर खोल आहे. इराणच्या ज्या ११ कारेझांना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तो आहे. मला तर कुठल्याही राजवाड्यापेक्षा हे काम थोर वाटतं.

कालव्याचा स्वभाव याच्या उलट. त्याला मोठी नदी लागते, आणि तिला आवरायला मोठी सत्ता. शूश्तरला बंद-ए-मीझान हा बांध कारूनचं पाणी दोन वाटांनी विभागतो. त्यांतली गरगर ही वाट माणसाने खोदलेली आहे. इ.स. २६० च्या सुमारास इराणच्या सासानी घराण्यातल्या पहिल्या शापूरने रोमन सम्राट व्हॅलेरियनला कैद केलं आणि त्याच्या सैनिकांकडून इथला बंद-ए-कैसर हा बांध-पूल बांधून घेतला, अशी परंपरा आहे. कालव्याचं पाणी दार लावून थांबवता येतं, पण पुराला तोंड द्यावं लागतं आणि गाळ कायमचा मागे लागतो. कारेझाला पुराचं भय कमी, बाष्पीभवनही कमी. पण तो हिवाळ्यातही वाहत राहतो, पीक असो वा नसो.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने मात्र कालव्याचा शत्रू असलेला हा गाळच अभ्यासकाचा मित्र ठरतो. कालव्यात थरावर थर बसतात, त्यांत खापरं, शिंपले, परागकण अडकतात. काठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या, टेकाडांवरची खापरं गोळा केली तर कालवा कधी जिवंत होता याचा अंदाज येतो. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांनी बगदादच्या पूर्वेला दियाला खोऱ्यात असंच काम करून सासानी काळातल्या नहरवान कालव्याभोवतीच्या वस्त्यांची वाढ आणि ऱ्हास मांडला.

कारेझात हे जमत नाही, कारण तो नीट चालावा म्हणून दर पिढीत साफ केला जातो. चांगला मुकन्नी आपल्या पूर्वजांच्या खुणाच खरवडून वर फेकतो. विवरांभोवतीच्या मातीच्या कड्यांमध्ये, ज्यांच्या रांगा विमानातून स्पष्ट दिसतात, अनेक शतकांची माती मिसळलेली असते. तिच्यातल्या वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे मोजून काळ ठरवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यावर एकमत नाही.

पुरावा असा निसटता असल्यामुळेच मजकुरांवर भिस्त वाढली आणि गोंधळही वाढला. असीरियाचा राजा दुसरा सारगॉन उरार्तू या शेजारी राज्यावरच्या इ.स.पू. ७१४ च्या मोहिमेच्या वृत्तान्तात उल्हू नगराच्या हिरवाईचं आणि तिथल्या राजाने खोदलेल्या पाटाचं वर्णन करतो. १९५१ मध्ये लेसो या अभ्यासकाने त्यात कारेझ वाचला, आणि ‘तीन हजार वर्षांपूर्वीचे कारेझ’ ही गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरू लागली. पुढच्या अभ्यासकांनी तोच मजकूर पुन्हा तपासला. त्यात विवरांचा स्पष्ट उल्लेख नाही. वर्णन साध्या कालव्याला जास्त जुळतं.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसची साक्ष अधिक वजनदार आहे. इ.स.पू. २०९ च्या सुमारास सेल्युकिद राजा तिसरा अँटिओकस ईशान्य इराणातल्या पार्थियनांवर चालून गेला तेव्हाच्या हकिगतीत तो भूमिगत पाट आणि वाळवंटातल्या विहिरी यांबद्दल लिहितो. कोरड्या जागी पाणी आणणाऱ्याला पूर्वीच्या इराणी राजवटीने ती जमीन पाच पिढ्या कसायला दिली, असंही सांगतो. पण हे पाट खोल पाण्यापर्यंत जाणारे होते की उथळ झरे गोळा करणारी भुयारं होती, हा प्रश्न रेमी बुशार्ला यांच्यासारखे अभ्यासक विचारतातच, आणि तो रास्त आहे.

पक्का पुरावा सापडला तो इराणबाहेर, इजिप्तच्या खार्गा मरूद्यानात. ऐन मनावीर इथे भुयारी पाट, त्यांच्या टोकाची शेतं, घरं आणि मंदिर एकत्र खणलं गेलं. खापरांवर लिहिलेले करार मिळाले, त्यांत पाण्याचे हिस्से दिवसांच्या हिशेबाने वाटलेले आहेत. म्हणजे चक्क पाणीपाळी. हे लेख अकेमेनिद अमलातले, इ.स.पू. पाचव्या शतकातले आहेत.

हीच कसोटी लावून आता छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) नहर-ए-अंबरीकडे पाहा. मलिक अंबरच्या नावाची ही योजना डोंगराकडचं भूजल गोळा करते, म्हणजे उगमाशी ती कारेझाच्या कुळातली. पुढे मात्र पाणी बंद नळांतून जातं आणि जागोजागच्या बंबांत, म्हणजे उंच मनोऱ्यांत, चढून हवा व दाब मोकळा करतं. इराणी कारेझात पाणी नळ भरून दाबाने कधीच वाहत नाही, ते उघड्या पृष्ठभागाने वाहतं. त्यामुळे तिला सरळ ‘इराणी कारेझ’ म्हणणंही पूर्ण बरोबर नाही.