ओळख निघणे (ठाणे-नवी मुंबई)

दोन अनोळखी माणसं बोलायला लागतात आणि पाच-दहा मिनिटांत दोघांच्याही माहितीतलं एक तिसरं माणूस सापडतं, याला मराठीत ओळख निघणे म्हणतात. ओळख करून घेतात, करून देतात, आणि ती निघते पण, आणि यातलं 'निघणं' मला फार नेमकं वाटतं कारण ती आधीपासून असतेच, खाली दबलेली, कोणीतरी दोन प्रश्न विचारले की वर येते.

प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, तालुका कुठला, माहेर कुठलं. नौपाड्यात गावाच्या आधी शाळा विचारतात, सरस्वती की बेडेकर, आणि मग दहावी कुठल्या वर्षी. नवी मुंबईच्या जुन्या आगरी-कोळी गावांत तर थेट "कोनाचा रं तू?" इथूनच सुरुवात, कारण उरण-पनवेलपासून ठाण्यापर्यंत सोयरिकी पसरलेल्या आणि बापाचं किंवा आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा नातं जोडूनच दाखवतो.

या दोन शहरांत हे इतकं घडतं त्याचं कारण माणसं इथे आली कशी, यात आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, खाडीपलीकडे एकेक नोड, म्हणजे उपनगर, उभा राहिला, पण तिथे राहायला आलेली माणसं सुटी सुटी आली नाहीत. कोणाच्या तरी ओळखीनं, गाववाल्याच्या खोलीवर उतरून, मेव्हण्यानं काम लावून दिलं म्हणून आली. कोपरखैरणे-घणसोलीची माथाडी वस्ती बघा, सातारा जिल्ह्यातली, जुन्नर-आंबेगावकडची कितीतरी घरं, म्हणजे गावाकडची ओळख ट्रकमधून सामानासोबतच आली म्हणायची. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मात्र वर्षानुवर्षं शेजार असून काही कळत नाही, आणि एक दिवस व्हॉट्सॲपवर लग्नाचे फोटो येतात तेव्हा समजतं की समोरच्या फ्लॅटवाले आपल्या आत्येबहिणीचे दीर.

लोक म्हणतात योगायोग. जरा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ होती. धरून चला की प्रत्येक जण शहरातल्या ५०० माणसांना ओळखतो आणि ओळखी अगदी कशाही विखुरलेल्या आहेत, तरी नव्यानं भेटलेल्या साधारण आठातल्या एका माणसाशी कॉमन ओळख निघेल. आणि 'तुमचा कोणीतरी समोरच्याच्या कोणालातरी ओळखतो' इथपर्यंत सूट दिली तर अशा ६८ च्या आसपास जोड्या निघतात, म्हणजे ओळख निघणारच! खऱ्या आयुष्यात ओळखी विखुरलेल्या नसतात, पुंजके असतात, त्यामुळे एका पुंजक्यात पटकन निघते आणि दुसऱ्यात लवकर निघत नाही. आपल्याला आश्चर्य वाटतं कारण बहुतेक वेळा आपण विचारतच नाही.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी १९६७ च्या सुमारास हेच तपासलं होतं. लांबच्या राज्यातल्या, आणि काही बोस्टनमधल्याही, लोकांना पाकीट द्यायचं आणि बोस्टनजवळच्या एका अनोळखी माणसापर्यंत फक्त ओळखीओळखीतून पोचवायचं. १९६९ च्या पेपरात २९६ जणांपासून सुरुवात झालेली आहे, त्यातली ६४ पाकिटं पोचली आणि मधे सरासरी ५.२ माणसं लागली. बाकीची कुठेतरी मधेच थांबली, आणि मला हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण वाट असूनसुद्धा कोणीतरी पुढे सरकवलं नाही की संपलं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. गाव आणि आडनाव विचारणं प्रत्येकाला गोड लागत नाही. भाड्यानं घर बघायला गेलात आणि "पूर्ण नाव काय, मूळचे कुठले" असं खोदून विचारलं की त्यामागे जात काढायची असते हे ज्याला सोसावं लागलंय त्याला बरोबर कळतं, आणि मग तो गाव सांगायचंच टाळतो. असं खोदून विचारणं चूक आहे, माझ्या मते सरळ चूक. म्हणून ओळख काढायची असेल तर आडनावापाशी न अडकता शाळा, कंपनी, रोजची लोकल, गणपतीचं मंडळ इथून सुरुवात करावी.

ओळख निघाली की लगेच त्या तिसऱ्या माणसाला फोन लावायचा, ही इथली खास पद्धत. एकदा ठाण्याहून पनवेल गाडीत शेजारी एक मावशी बसल्या, मांडीवर शेंगांची पिशवी. कुठल्या विचारलं तर ढेबेवाडीकडच्या, आणि माझं आजोळ तिकडचंच. मी म्हटलं माझ्या आईला उन्हाळ्यातसुद्धा छत्री घेऊन फिरणारे एक मास्तर होते. "छत्रीवाले मास्तर? अगं मला चौथीला होते!" ऐरोली गेलं नाही तोवर त्यांनी भावाला फोन लावला, स्पीकरवर, सगळा डबा ऐकतोय, आणि भाऊ म्हणाला मास्तर आता मुलाकडे घणसोलीलाच असतात, दिसत नाही फारसं, आवाजावरून माणूस ओळखतात. त्याच रविवारी मी आईला घेऊन गेले. आईचं नाव त्यांना आठवलं नाही, पण आजोबांचं आठवलं, आणि आमच्या बैलांचा रंग पण.