लष्करी बिल्ला: ठोकलेला की ओतलेला?

चुंबकाला चिकटला नाही म्हणजे बिल्ला अस्सल, हा समज नव्या संग्राहकांत पक्का बसलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण नकला ज्या शिसे, कथील किंवा जस्ताच्या मिश्रधातूंत ओततात, त्याही चिकटत नाहीत. चुंबकाने फार तर मुलामा दिलेले लोखंड उघडे पडेल. नक्कल करणारा चित्र हुबेहूब उतरवतो. धातूला आकार कसा मिळाला, त्याची खूण मात्र त्याला सहजी उतरवता येत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले ब्रिटिश टोपीवरचे बहुतेक धातूचे बिल्ले पत्र्यापासून ठोकलेले आहेत. पोलादाच्या दोन ठशांमध्ये पितळी पत्रा ठेवून प्रचंड दाब दिला, की थंड धातूही ठशाच्या खाचांत सरकतो. त्याचे स्फटिक ताणले जातात, धातू कडक होतो. म्हणून अक्षरांच्या कडा धारदार उठतात आणि मागच्या बाजूला चित्राचा खोलगट उलटा आकार दिसतो. नंतर भोवतालचा पत्रा छाटतात. दहापट भिंगातून ही कड पाहा. पंच, म्हणजे छाटणारा पोलादी ठोकळा, आधी धातू कापतो, तिथे गुळगुळीत चकचकीत पट्टा उमटतो. मग धातू तडकून तुटतो, तिथे खरखरीत पट्टा राहतो. कड पुढे घासली असेल तर हे पट्टे पुसट होतात, पण आतल्या छाटलेल्या मोकळ्या जागांत बहुधा सापडतात.

ओतलेल्या धातूचे वागणे निराळे. पृष्ठताणामुळे वितळलेला रस साच्याच्या अगदी बारीक कोपऱ्यात शिरत नाही, म्हणून पिसे, आयाळ, अक्षरे साबण झिजल्यासारखी गोलसर दिसतात. अडकलेल्या वायूची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. साच्याच्या सांध्याची रेघ कानशीने घासलेली असते. शिवाय धातू थिजताना आकसतो. पितळ साधारण दीड ते दोन टक्के आकसते, म्हणजे 45 मिमी उंचीच्या अस्सल बिल्ल्यावरून काढलेली नक्कल सुमारे 44.2 मिमी भरते. व्हर्निअर मापपट्टीने एकच माप घेऊन निकाल देऊ नका, कारण एकाच पलटणीचे बिल्ले अनेक कारखान्यांनी वेगवेगळ्या ठशांवर काढले. उंची, रुंदी, दोन अक्षरांमधले अंतर अशी चार-पाच मापे घ्या. सगळी एकाच प्रमाणात कमी भरली, तर ओतकामाचा संशय बळावतो.

घनताही तपासा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर बिल्ल्याचे वजन करा, समजा 17.20 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बिल्ला दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला वा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे बिल्ल्याने सारलेल्या पाण्याचे वजन. तो 2.02 असेल, तर 17.20 ला 2.02 ने भागून घनता 8.5 येते, म्हणजे पितळ. जस्ताचे आणि कथिलाचे मिश्रधातू 7 च्या आसपास राहतात, शिशाचे त्याहून बरेच वर जातात. मागच्या खळग्यात 0.2 मिलीलिटर हवा अडकली तरी 8.5 चे 7.7 होतात, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बुडबुडे झटकावेत. पितळेतच ओतलेली नक्कल मात्र या चाचणीत सुटते, म्हणून कड आधी पाहायची. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी काढलेल्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांना यातले काहीच लागू नाही.

कळंक चढलेला, काळपट बिल्ला जुना, हेही मानू नये. रसायनाने तो काही तासांत चढतो. विक्रेत्याचे प्रमाणपत्र म्हणजे विक्रेत्याचाच शब्द.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे मूळ ठशांवर नंतर ठोकलेले बिल्ले. कड, माप, घनता सगळे बरोबर येते. अशा वेळी बिल्ला टोपीत अडकवायची मागची उभी पट्टी आणि तिची झाळ, म्हणजे डाखाचा सांधा, जुन्या नमुन्याशी ताडून पाहावी. आणि समोरचा सपाट भाग तिरप्या प्रकाशात धरावा: पडून राहिलेला ठसा गंजला, की त्याच्या प्रत्येक खड्ड्याची नव्या बिल्ल्यावर बारीक उठावदार पुटकुळी उमटते.