भोपळ्याचं फूल खुडलं की भोपळा गेला?

'भज्यांसाठी फुलं खुडली की वेलाला भोपळे धरत नाहीत,' हा निरोप पुण्यातल्या गच्ची-बागवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. भीती रास्त, पण अर्धीच खरी. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सकाळी फूल मागून बघा: पाकळ्यांखाली इवलासा हिरवा भोपळा दिसला तर मादी, त्याला हात लावू नका. नुसता लांब, बारीक देठ असेल तर नर. त्याला फळ धरतच नाही. सुरुवातीला तर बहुधा नरच येतात. मात्र परागकण त्यांच्यातच असतात, म्हणून पहाटे नको, दहानंतर खुडा. तोवर मधमाश्यांचं काम उरकतं. आतला पिवळा दांडा काढा, मुंग्या झटका, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ओल्या फुलावरून बेसन घसरतं.